दुखत नाही, म्हणूनच

"डॉक्टर, एकही दात किडलेला नाही, मग हा हलायला का लागला?" पन्नाशीच्या आसपासची माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसून हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यांचं म्हणणं खरं असतं. दात शाबूत असतो, कीड कुठेच नसते. एक्स-रे काढला की दिसतं ते वेगळंच. दात ज्यात रोवलेला असतो ते हाड निम्म्यावर आलेलं असतं. हे काही महिन्याभरात घडत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. आणि एवढ्या वर्षांत त्या माणसाला दुखलेलं मात्र फारसं नसतं. लोक ज्याला पायोरिया म्हणतात, त्या हिरड्यांच्या आजाराची खरी अडचण हीच आहे. दाताची कीड रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस धावत येतो. हिरडी दुखत नाही, म्हणून तो येतच नाही.

सुरुवात अगदी साधी असते. पाण्याचा माठ काही दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच जंतूंचा थर दातांवर रोज धरतो. बोटाला तो चिकट लागतो, डोळ्याला दिसत नाही. ब्रशने तो निघतो. निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं टणक किटण होतं. ते ब्रशला दाद देत नाही. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी लवकर जमतो. या जंतूंशी लढता लढता हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागला की रक्त येतं.

हॅराल्ड ल्यो या नॉर्वेजियन दंतवैद्याने हे १९६५ साली सिद्ध करून दाखवलं. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्याने दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. सूज हिरडीपुरती असते तोवर आजार पूर्ण परतवता येतो, ही या प्रयोगातली सर्वांत आशादायक गोष्ट. सूज खाली हाडापर्यंत पोचली की गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून ब्रशवर दिसलेलं रक्त मला फार मोलाचं वाटतं. तेवढी एकच हाक हा आजार वेळेवर देतो.

ती हाक आपण कशी ऐकतो? "तिथं रक्त येतं म्हणून मी त्या बाजूला ब्रश लावतच नाही," असं सांगणारे रोज भेटतात. जिथे जास्त साफ करायला हवं, नेमकी तीच जागा सुटते. कोणी तुरटीच्या गुळण्या करतं, कोणी मेडिकलमधून गोळ्या आणतं. मिठाच्या कोमट पाण्याने चार घटका बरं वाटतं, पण किटण जागचं हलत नाही. किटण तसंच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या तर जंतू त्या थरात सुरक्षित राहतात. दातांत अडकलेलं काढायला सेफ्टी पिन वापरण्याची सवय तर आधीच सुजलेल्या हिरडीला जखमच करते.

आणि काहींच्या बाबतीत रक्तही येत नाही. वर्षानुवर्षं बिडी ओढणारे एक काका तपासायला आले होते. हिरड्या फिकट, घट्ट, वरवर पाहता निरोगी. आम्ही एक बारीक, बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घालून खोली मोजतो. प्रत्येक दाताभोवती सहा जागी. आकडे मोठ्याने सांगायचे आणि सहायकाने लिहून घ्यायचे. तीनपर्यंतचा आकडा ठीक. काकांचे आकडे सुरू झाले: तीन, पाच, सात, सहा, आठ. चौथ्या-पाचव्या दाताला त्यांनी स्वतःच हात वर करून विचारलं, "आठ म्हणजे वाईट ना?" धूम्रपानाने हिरडीतला रक्तपुरवठा मंदावतो, म्हणून रक्त येत नाही आणि आजार झाकला जातो. आपल्याकडच्या बायका तंबाखू भाजून केलेली मिश्री हिरड्यांना चोळतात. तिने दात साफ होतात, ही समजूत आजी-पणजीपासून चालत आली आहे. प्रत्यक्षात हिरडी मुळावरून खाली सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर तंबाखूच्या प्रत्येक प्रकारात आहेच.

उपचार कठीण नाहीत, पण चिकाटीचे आहेत. आधी हिरडीच्या वरचं किटण काढायचं. फटी खोल असतील तर भूल देऊन मुळांवरचंही काढायचं. मग सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. बहुतेक जागा एवढ्यानेच सुधारतात. ज्या खोलच राहतात तिथे हिरडी उघडून साफ करण्याची शस्त्रक्रिया लागते. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, कारण आजार आटोक्यात राहतो, कायमचा निघून जात नाही.

"दात साफ केले की सैल होतात म्हणे" ही भीती मी समजू शकतो. वर्षानुवर्षांचं किटण दातांना एकमेकांना जखडून ठेवतं, सुजलेली हिरडी फटी झाकते. दोन्ही गेलं की दात लांब दिसतात, मधे फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं. हाड आधीच गेलेलं होतं, ते आता दिसू लागलं, एवढंच. झिणझिणणं बहुधा काही आठवड्यांत कमी होतं आणि घट्ट झालेल्या हिरडीमुळे बरेच दात पूर्वीपेक्षा कमी हलतात.

मधुमेह असलेल्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी खाली येतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं. गोळ्या वेळेवर घेऊन, पथ्य पाळूनही ज्यांची साखर हलत नाही, त्यांच्या तोंडात कोणी तरी डोकावून पाहायला हवं. फिट्सच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हिरड्या वाढतात. गोळी मनाने बंद करू नका, पण दंतवैद्याला सांगा.

"आमच्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, तरी शेवटपर्यंत सगळे दात होते." असे आजोबा असतात. ल्योनेच श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० कामगारांना १९७० पासून १५ वर्षं तपासलं. दात साफ करण्याची पद्धतच त्यांच्यात नव्हती. त्यांतल्या ११ टक्क्यांचा आजार सुरुवातीच्या सुजेपलीकडे गेला नाही. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला, ८ टक्क्यांचा झपाट्याने. आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटात आहे, हे आधी कळत नाही.

म्हणून घरी एवढं करा. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, रात्री झोपण्याआधी न चुकता, दोन मिनिटं. ब्रश दातांच्या मधल्या फटीत पोचत नाही आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो, म्हणून फटीतला छोटा ब्रश किंवा फ्लॉस रोज एकदा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा "कीड आहे का?" एवढंच विचारून उठू नका. "माझ्या हिरड्या मोजून सांगा," असं म्हणा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, तिथे हे काम कमी खर्चात होतं. चाळिशी ओलांडलेली, साखर असलेली, मिश्री लावणारी आई घरात असेल तर तिला सोबत घेऊन जा. ती स्वतःहून जाणार नाही, कारण तिचं काहीच दुखत नसेल.