टर्बो बदलला, भाव वाढला?



कॅलिफोर्नियात माझदा आरएक्स-७ दलालाविना विकताना बदलांवरचा सगळा खर्च किमतीत धरावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटण्याजोगे नाही.

१९९३ ते १९९५ या काळातल्या अमेरिकी मॉडेलला कारखान्यातूनच दोन टर्बो असत. त्यांच्या जागी एकच मोठा टर्बो दिसला, की जाणकार गिऱ्हाईक आधी रोटरी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजायला लावते: दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, एकूण सहा आकडे. त्यातला एक जरी घसरलेला निघाला, तरी सौदा तिथेच फिसकटतो.

शिवाय धूर-तपासणीचा दाखला देण्याची जबाबदारी तिथे विकणाऱ्याची. राज्याचा मंजुरी क्रमांक नसलेला टर्बो त्या तपासणीत अडकतो.

मूळ टर्बो माळ्यावर जपून ठेवलेले असतील, तर ते गाडीसोबतच द्यावेत. घासाघीस बरीच कमी होते.

— एक वाचक