बोटीवरचे दुखणे आणि विम्याचा कागद

जळगावच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : "मुलगा सिॲटलला असतो. ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना अलास्काच्या क्रूझवर नेणार आहे. यांना मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मुलगा म्हणतो, विमा काढलाय, तू काळजी करू नकोस. पण कसला काढलाय ते मला कळत नाही, आणि विचारलं की बापलेक दोघंही हसतात. मी नेमकं काय विचारायला हवं?"

हसतात तर हसू द्या, पण विचाराच. उद्या बोटीवर यांच्या छातीत दुखू लागले, तर पर्समधून कागद काढायची, फोन लावायची आणि 'हो, यांना उतरवा' म्हणून सही करायची वेळ तुमच्यावरच येणार आहे. मुलगा बरोबर असेल हे खरे, पण सून आणि नातवंडे त्याच्या गळ्यात असतील. बोट कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावर दोन बॅगा घेऊन रुग्णाशेजारी उभी राहते ती बायकोच.

आधी बोटीवर काय असते ते पाहू. मोठ्या क्रूझ बोटीवर दवाखाना असतो. डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बोलावता येतात. ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या काही तपासण्या, ऑक्सिजन, सलाईन अशी सोय असते. बोट लागली, पोट बिघडले, पाय मुरगळला, ताप आला, एवढ्याला ती पुरे. पण ते काही रुग्णालय नव्हे. अँजिओग्राफी तिथे होत नाही. ओल्या डेकवर घसरून खुब्याचे हाड मोडले (आपल्या वयाच्या बायकांनी हे विशेष ध्यानात धरावे), तर त्याची शस्त्रक्रिया तिथे होत नाही. डॉक्टर रुग्णाला सावरून धरतात आणि जमिनीवर पोचवायच्या मागे लागतात.

या दवाखान्याचे बिल डॉलरमध्ये तुमच्या केबिनच्या खात्यावर पडते आणि सफर संपताना क्रेडिट कार्डावर वसूल होते. विमा कंपनीचे कार्ड तिथे दाखवून सहसा उपयोग नसतो. आधी आपण भरायचे, मग कंपनीकडे मागायचे. तेव्हा उतरण्यापूर्वीच बिल, डॉक्टरांची टिपणे आणि तपासण्यांचे कागद हातात घ्या. घरी येऊन ते मागवत बसलात तर पुढची दिवाळी येईल.

मात्र कंबरडे मोडते ते या बिलाने नव्हे, रुग्णाला हलवण्याच्या खर्चाने. अलास्काचेच उदाहरण घ्या. जुनो ही तिथली राजधानी, जवळजवळ प्रत्येक बोट तिथे लागते. पण जुनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. यायचे-जायचे ते बोटीने नाहीतर विमानाने. गावात रुग्णालय आहे, पण हृदयावर मोठी शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाला सिॲटल किंवा अँकरेजला विमानाने न्यावे लागते. जुनोहून सिॲटल साधारण साडेचौदाशे किलोमीटर. भर समुद्रातून अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलून आणले, तर त्याचे बिल सहसा रुग्णाला येत नाही. पुढच्या खासगी रुग्णविमानाचे येते, आणि ते हजारो डॉलरमध्ये असते. सोबत डॉक्टर देऊन थेट भारतात आणायचे म्हटले तर आकडा लाख डॉलरच्याही पुढे जाऊ शकतो. निवृत्त माणसाची सगळी पुंजी एका विमानात बसते म्हणा ना.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न हा : "उपचारासाठी किती आणि हलवण्यासाठी किती?" हे दोन आकडे वेगळे विचारायचे. अशा सफरीसाठी उपचाराला निदान एक लाख डॉलर आणि हलवण्याला अडीच लाखांपर्यंत असावेत, असे जाणकार सांगतात. आपल्याकडच्या पुष्कळ पॉलिसींत हलवण्याचा खर्च त्याच एका रकमेत धरलेला असतो. म्हणजे पन्नास हजार डॉलरची पॉलिसी असली, तर रुग्णालय आणि विमान दोन्ही त्यातच भागवायचे. एजंट मात्र हरवलेल्या बॅगेचे आणि उशिरा सुटलेल्या विमानाचे पैसे किती मिळतात तेच रंगवून सांगतो. त्या ओळी वाचण्यात वेळ घालवू नका. बॅग हरवली तर चार साड्या जातील.

दुसरा प्रश्न जुन्या दुखण्याचा, आणि जळगावच्या ताईंसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी हे सगळे लिहायचेच. लपवले तर पुढे कंपनी हात वर करते. पण लिहिले म्हणजे त्या दुखण्याचा खर्च मिळणार, असे मुळीच नाही. पुष्कळ पॉलिसी जुने दुखणे स्पष्ट शब्दांत वगळतात. काही फक्त जीव धोक्यात असेल तेव्हाच देतात, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. साठीच्या आसपास वय असेल तर आणखी एक गोम असते : वर रक्कम मोठी दिसते, पण आत खोलीचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके, अशा मर्यादा घातलेल्या असतात. तो तक्ता मागून घ्या आणि चष्मा लावून वाचा.

मुलाने विमा अमेरिकेतल्या कंपनीकडून, पाहुण्या आई-वडिलांसाठी असतो तसला, काढला असेल तर त्याचे दोन प्रकार. एक स्वस्त असतो : प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते, बिल कितीही येवो. तिकडच्या रुग्णालयांच्या बिलापुढे ती रक्कम म्हणजे दर्यात खसखस. दुसरा महाग, पण त्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरली की पुढच्या बिलाचा मोठा हिस्सा, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत, कंपनी उचलते. घ्यायचा तर हाच घ्या. यातही जुन्या दुखण्याबद्दल बहुधा एवढेच लिहिलेले असते की ते 'अचानक उफाळले' तर पैसे मिळतील. अचानक म्हणजे पूर्वसूचना न देता आलेले, आणि चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेले. चार दिवस छातीत जळजळ होत होती आणि ऑम्लेटवर खापर फोडून यांनी ती अंगावर काढली, तर ते 'अचानक' राहत नाही! शिवाय या कलमाला वयाची अट असते. सत्तरी ओलांडल्यावर रक्कम घटते किंवा कलमच गळते. यांचे वय सांगून ही गोष्ट कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यायला लावा.

आणखी एक. निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांनी गोळी बदलली, डोस वाढवला, तर काही कंपन्या ते दुखणे 'स्थिर नाही' असे धरतात. म्हणून तपासण्या तिकीट काढण्यापूर्वी करून घ्याव्यात. पण गरज असताना केवळ विम्यासाठी गोळी बदलायची टाळणे, हा शहाणपणा नको बरं का.

तिसरा प्रश्न : "हा विमा कुठे-कुठे चालतो?" सिॲटलहून निघणारी अलास्काची बोट बहुतेक वेळा वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. याला अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा कारण आहे. परदेशात नोंदलेल्या बोटीला परक्या बंदरात न थांबता अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, आणि या मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेल्या असतात. तेव्हा अमेरिकेचा विमा कॅनडात आणि भर समुद्रात लागू आहे का, हे विचारायलाच हवे. पाहुण्यांच्या पुष्कळ पॉलिसींत अमेरिकेबाहेरची थोड्या दिवसांची सहल चालते, पण ती किती दिवसांची आणि कोणत्या अटीवर, ते पाहावे लागते. इंग्लंडात राहणाऱ्या मुली-जावयांनी काढलेल्या विम्यात तर क्रूझसाठी बरेचदा वेगळे जादा पैसे भरावे लागतात.

युरोपला निघालेल्यांनीही हे पाहावे. शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो, म्हणून टूरवाले नेमका तेवढाच काढून देतात. तेवढ्याने व्हिसा मिळतो. रुग्णविमान आले तर तो पुरत नाही. त्यातून ग्रीसच्या बेटांची बोट पुष्कळदा तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागते, एड्रियाटिकची बोट मॉन्टेनेग्रोच्या कोतोरला. ही दोन्ही बंदरे शेंगेनच्या बाहेर आहेत. विमा 'फक्त शेंगेन' असला आणि कोतोरच्या चढणीवर पाय घसरला, तर कागद पर्समध्ये असून नसल्यासारखा.

रुग्णाला कुठे न्यायचे हे तुम्ही ठरवायचे नसते, हे आधीच मनाशी पक्के करा. विमा कंपनीची मदतसेवा असते, तिचा चोवीस तासांचा नंबर पॉलिसीवर असतो. बोटीचे डॉक्टर आणि या सेवेचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात आणि ठरवतात. नेतात ते योग्य उपचार मिळतील अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी. "आम्हाला पुण्यालाच न्या" म्हणून चालत नाही. घरी आणणे नंतर, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक वाटले तर. त्यांना न विचारता मुलाने घाईने स्वतः विमान ठरवले, तर ते पैसे बहुधा मिळत नाहीत. जीवघेण्या क्षणी आधी उपचार, हे उघडच आहे. पण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या उशाशी बसूनही एकीने फोन लावायचा.

आणि तुमचे स्वतःचे काय? यांना उतरवले की तुम्हीही उतरणार. तुमची हॉटेलची खोली, परतीचे बदललेले तिकीट, राहिलेल्या सफरीचे बुडालेले पैसे, हे कोण देणार? सोबत्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत असतो, पण रुग्ण पाच ते सात दिवसांहून जास्त रुग्णालयात राहिला तरच, आणि एकाच माणसाचा. याबद्दल विचारताना संकोच नको. बायका नेमकी ही ओळ सोडून देतात, 'माझं काय, मी राहीन कशीही' म्हणून. परक्या गावात, परक्या भाषेत, कशीही राहता येत नाही.

आता घराजवळच्या सफरींविषयी. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला बोटी जातात, भिशीच्या मैत्रिणी मिळून निघतात. परदेशप्रवासाचा विमा इथे उपयोगाचा नाही आणि घरची मेडिक्लेम अर्धीच उपयोगी. मेडिक्लेमच्या लेखी 'रुग्णालय' म्हणजे नोंदणी झालेले, दहा लाखांखालच्या गावात निदान दहा खाटा आणि मोठ्या शहरात पंधरा, शस्त्रक्रियेची खोली, चोवीस तास नर्स. बोटीवरचा दवाखाना त्यात बसत नाही. गोव्याची बोट किनाऱ्याजवळून जाते, तिची फार चिंता नको. लक्षद्वीप मात्र केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर आत; तिथला गंभीर रुग्ण हवाई मार्गाने कोचीला न्यावा लागतो. तुमच्या मेडिक्लेममध्ये एअर ॲम्ब्युलन्स आहे का आणि किती रकमेपर्यंत, ते पाहा. नसेल तर देशांतर्गत प्रवासाचा विमा मिळतो, तो हलवण्याच्या खर्चासह घ्या.

आपल्याकडच्या कंपनीने क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जायचे. कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत, फी नाही, वकील लागत नाही. फक्त वर्षाच्या आत जायचे. परदेशी कंपनीला हा मार्ग नाही, म्हणून तिच्याकडून आधीच सारे लिहून घेतलेले बरे.

जळगावच्या ताई, मुलाकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, एक पानाचा सारांश नव्हे. मदतसेवेचा नंबर मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण भर समुद्रात फोनला रेंज असेलच असे नाही. बोटीच्या फोनवरून लावावा लागेल. त्याच्यासोबत यांच्या अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद, शेवटचा ईसीजी आणि औषधांची नावे, कंपनीची नव्हे तर औषधाची मूळ नावे, डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या सफरीपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. चढताना मोठ्या बॅगा बोटीचे लोक घेतात, केबिनपर्यंत पोचायला कधी संध्याकाळ होते. शेवटच्या रात्रीही त्या बाहेर ठेवायला सांगतात आणि सकाळी उतरल्यावर धक्क्यावरच परत मिळतात. तेव्हा यांची सकाळची गोळी आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवायला विसरू नका.