बंदुकीची नळी : आधी पाणी, मग तेल



कोकणात आणि घाटमाथ्यावर काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आपण कोयत्याला धार लावतो, पंपाला वंगण देतो. बंदुकीवर मात्र वर्षाकाठी तेलाचा बोळा फिरवला की काम झाले असे समजतो. मग दोन-तीन पावसाळ्यांत नळी आतून खवली जाते, आणि अशी नळी बार काढताना फुटू शकते. ती राखणदाराच्या हातातच फुटते, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.

गंज का चढतो? काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारणपणे शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. बार उडाला की यातला निम्म्याहून अधिक भाग वायू होऊन जात नाही. काही धुराबरोबर बाहेर पडतो, तर बराचसा काळा, खारट थर होऊन नळीत चिकटतो. जुन्या प्रकारच्या केपातूनही मिठासारखा क्षार मागे राहतो. उघड्या बरणीतले मीठ पावसाळ्यात पाझरते, तसा हा थर हवेतली ओल ओढतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून न धुता तेल लावणे म्हणजे गंजावर पांघरूण घालणे होय.

सफाईआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. नळीच्या तोंडातून आत कधीही डोकावू नये. ठासणीच्या बंदुकीचा गज रिकाम्या नळीत पूर्ण टेकतो, तेव्हा तोंडाशी येणाऱ्या जागी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे असे समजावे. अशा वेळी केप काढून ठेवावा आणि बार घरी उपसत न बसता परवानाधारक कारागिराला विचारावे.

बार काढला त्याच दिवशी नळी दस्त्यापासून सोडवावी. मागचे टोक कढत पाण्याच्या बादलीत ठेवून, गजाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखी वरखाली करावी. थोडा साबण चालेल. केप बसतो ते बारीक छिद्रही मोकळे करावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. कढत पाण्याने नळी तापते व लवकर सुकते. तरी कोरडी चिंधी फिरवावी आणि मगच शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल वापरू नये. ते थंडीत गोठते. लाकडी दस्त्याला पाणी लागू देऊ नये. त्याला जवसाचे तेल चोळावे.

बारा बोअरच्या बंदुकीत हल्लीची काडतुसे वापरली असतील तर एवढा क्षार साचत नाही. तिला रॉकेल लावलेला ब्रश फिरवून शिशाचा थर काढावा, रॉकेल पुसून घ्यावे आणि तेल लावावे. रिकामी काडतुसे घरी भरू नयेत. दारूगोळा बनवण्यास स्वतंत्र परवाना लागतो.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते. महिन्यातून एकदा पुसावी. निवडणुकीच्या वेळी जमा करावी लागली तर देण्यापूर्वी तेल लावावे व परत येताच तपासावी. ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. असे घर किंवा विसरलेली चिंधी आत असताना बार काढला तर नळी फाटते. आत खड्डे किंवा बाहेर पोचा दिसला तर बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय वापरू नये.

दारू आणि केप चुलीपासून दूर, वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवावे. बंदूकही मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात असावी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते पिकात शिरले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही.