दाढेवरची खूण

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. दातावरून वय कळतं. उत्खननात मिळालेली दाढ हातात घेणाऱ्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा: घोडा की गाढव?

खालच्या दाढेच्या झिजलेल्या माथ्यावर इनॅमलच्या नागमोडी रेषा दिसतात. जिभेकडच्या बाजूला दोन वेटोळ्यांमधली खाच घोड्यात रुंद, 'यू'सारखी असते. गाढवात टोकदार, 'व्ही'सारखी. पण दाढ झिजते तशी नक्षीही बदलते, आणि खेचर तर दोघांचं लेकरू. एकट्या दाढेवर निकाल देणं मला धोक्याचं वाटतं. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळावर मिळालेले दात प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक शांडोर बोकोन्यी यांनी 1990च्या दशकात घोड्याचे ठरवले. रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल या अभ्यासकांना ते पटलं नाही. रानगाढव तिथलंच जनावर!

आपल्याकडे खानदेशात गिरणाकाठचं बहाळ, साक्री तालुक्यातलं कवठे, पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी 1955 साली खणलेलं तापीकाठचं प्रकाशे, या सगळ्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या. अशा पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती आपण गाड्या भरून शेतात टाकतो. ती माती खणताना एखादी लांबट, चौकोनी माथ्याची दाढ दिसली, तर कृपा करून ती उचलू नका. कोणत्या थरात होती हे गेलं, की तिचं अर्धं बोलणं बंद होतं.