रात्रीची दुर्बीण घेतांना

कोंकणांतल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबाकडून आम्हांस पत्र आलें आहे. घरीं आंब्याचीं कलमें आणि थोडी भातशेती आहे. रानडुकरें रातोरात शेत उकरून टाकतात. घरांतील तरुण मंडळीस रात्रीं हिंडणारीं जनावरें पाहण्याचा नाद लागला आहे, आणि थोरल्या काकांस धास्ती अशी कीं, दुर्बीण घरांत आली म्हणजे मागोमाग बंदूकही खुंटीवरून खालीं उतरेल. तेव्हां थर्मल दुर्बीण घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावी तर माफक किमतींतली कोणती, असा प्रश्न आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें समजून घेऊं. सर विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं लोलकांतून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे उष्णतामापक ठेवला, तेव्हां डोळ्यांस कांहींच दिसत नसलेल्या त्या जागेंतही पारा चढला. ही अदृश्य किरणें प्रत्येक ऊन वस्तु, अर्थात् प्रत्येक जिवंत जनावर, अहोरात्र बाहेर टाकीत असते. थर्मल दुर्बीण तीं टिपून त्यांचें चित्र करते. तिला चांदणें लागत नाहीं, विजेरी लागत नाहीं, आणि जनावरास तिची चाहूलही लागत नाहीं. मनुष्यानें ही विद्या काल-परवां मिळविली. सह्याद्रींतला चापडा साप मात्र डोळा व नाकपुडी यांच्यामधील खळगीनें हेंच काम युगानुयुगें करीत आला आहे.

ही दुर्बीण महाग कां, तें तिच्या भिंगावरून कळतें. साध्या कांचेंतून हीं किरणें पार होत नाहींत. म्हणून भिंग जर्मेनियम या दुर्मिळ धातुसदृश पदार्थाचें करावें लागतें. चीननें २०२३ सालीं त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले, यावरून त्याचें मोल ध्यानांत यावें. याचाच दुसरा परिणाम असा कीं, खिडकीच्या बंद तावदानांतून बाहेरचें जनावर या दुर्बिणींतून दिसत नाहीं. दिसते ती तावदानाचीच ऊब. पुष्कळ लोक घरांत बसून पाहतात आणि यंत्रास नांवें ठेवतात!

आतां निवड. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें तें अंतर: ‘मनुष्य ५०० मीटरांवरून दिसतो.’ हें खोटें नसतें, पण ‘दिसतो’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. दुर्बिणींतील पटल लहान लहान ठिपक्यांचें असतें. अलीकडे एक ठिपका बहुधा १२ मायक्रोमीटरांचा असतो. भिंगाचें केंद्रांतर १० मिलिमीटर असेल तर १०० मीटरांवर एका ठिपक्यांत १२ सेंटिमीटर जागा मावते, आणि ५०० मीटरांवर ६० सेंटिमीटर. म्हणजे त्या अंतरावरचा धट्टाकट्टा मनुष्य अवघ्या तीन ठिपक्यांचा होतो. कांहीं तरी ऊन आहे एवढेंच त्यावरून समजावें. तो मनुष्य कीं वासरूं, तें ईश्वर जाणे.

जॉन जॉन्सन या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं यासाठीं कांहीं प्रमाणें बसवून दिलीं, तीं आजही वापरांत आहेत. स्थूल मानानें सांगावयाचें तर वस्तु आहे एवढें कळण्यास तिच्या उंचींत दोन ठिपके पुरतात; ती कोणत्या जातीची हें कळण्यास आठ, आणि खात्रीनें ओळखण्यास तेरा लागतात. रानडुकराची उंची पाऊण मीटर धरली तर १० मिलिमीटरच्या भिंगानें तें डुक्कर आहे हें सुमारें ७५ मीटरांपर्यंत कळेल. १९ मिलिमीटरच्या भिंगानें सुमारें १५० मीटरांपर्यंत, आणि २५ च्या भिंगानें सुमारें १९५ मीटरांपर्यंत. शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या कोणासही हा हिशेब दुकानाच्या पायरीवर करतां येईल. मात्र भिंग वाढलें कीं दृष्टीचा पट्टा अरुंद होतो. ३८४ गुणिले २८८ ठिपक्यांच्या पटलावर १९ चें भिंग असतां १०० मीटरांवर २४ मीटर रुंदी दिसते. २५ चें लावलें तर १८. दाट कलमबागेंत अरुंद पट्टा म्हणजे नुसता शोधाशोधीचा त्रास.

२५६ गुणिले १९२ ठिपक्यांची दुर्बीण सर्वांत स्वस्त. अंगण, गोठा आणि जवळची बाग यांस ती पुरेशी आहे. ६४० ठिपक्यांची शौकिनांनीं घ्यावी. शिवाय दोन आकडे पहावे. एक, उष्णतेंतला किती सूक्ष्म भेद यंत्रास कळतो तो. हा मिलिकेल्विनांत देतात व जितका लहान तितका बरा. कोंकणच्या दमट, धुकट हवेंत ४० पेक्षां २५ चें यंत्र उघड सरस ठरतें. दुसरा, दर सेकंदास किती चित्रें; ९ असल्यास पळतें जनावर अडखळत सरकल्यासारखें दिसतें, २५ किंवा ५० घ्यावीं. विजेचा घट काढून दुसरा बसवितां येईल असाच असावा. मधूनमधून ‘टक्’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर थिजतें, तो दोष नव्हे. यंत्र आपलें माप जुळवून घेत असतें. सूर्याकडे मात्र कधींही रोखूं नये. पटल कायमचें खराब होऊं शकतें.

वेळही साधली पाहिजे. एप्रिल महिन्यांत दिवसभर तापलेला जांभा दगड रात्रीं उशिरापर्यंत धगधगत असतो आणि त्यांत डुक्कर हरवून जातें. पहांटेच्या सुमारास तेंच लख्ख उठून दिसतें. आणखी एक गोष्ट घरांतील मुलांस बजावून सांगावी. साप थंड रक्ताचा, भोंवतालच्या जमिनीइतकाच ऊन किंवा गार. तो या दुर्बिणींत बहुधा दिसतच नाहीं. तिच्या भरंवशावर अनवाणी बांधावर उतरूं नये. पायांत जोडा व हातांत विजेरी असलीच पाहिजे.

काकांच्या धास्तीविषयीं. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेचे गोडवे गातो, आणि मनूनें तिला कामज व्यसनांत पहिलें स्थान दिलें आहे. तो वाद आतां आपल्यापुरता कायद्यानें मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें शिकारीस बंदी आहे, आणि ‘शिकार’ या शब्दांत फांस लावणें, आमिष ठेवणें व हांका घालून जनावर पिटाळणें हेंही येतें. पिकास उपद्रव देणाऱ्या कांहीं जनावरांबाबत वन-खात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. ती हातीं नसतां बंदुकीस हात लावूं नये. परदेशांत रीत निराळी आहे. टेक्सासांत खासगी जमिनीवर मालकाच्या अनुमतीनें मोकाट डुकरें रात्रींही मारतात. पण इंग्लंडांत हरणावर रात्रीं गोळी झाडण्यास १९९१ च्या कायद्यानें विशेष परवान्याखेरीज मनाई आहे. आणि परवानगी असली तरी तीन ठिपक्यांवर गोळी झाडणें म्हणजे मनुष्यवधास आमंत्रण. २०२५ सालीं पालघर जिल्ह्यांत रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यास गोळी घातल्याचा प्रकार घडला, तो वाचकांच्या स्मरणांत असेल.

सबब या कुटुंबानें ३८४ ठिपक्यांची, १९ मिलिमीटर भिंगाची, नुसती पाहण्याची दुर्बीण घ्यावी. बंदुकीवर बसवावयाची घेऊं नये. विकत घेण्यापूर्वीं संध्याकाळीं दुकानाबाहेर उभें राहून रस्त्यावरचें कुत्रें १०० मीटरांवरून ओळखतां येतें का पहावें, आणि पक्की पावती व हमीपत्र घ्यावें. भात पोटरींत येण्याच्या आधीं आठ-दहा रात्रीं पाळीपाळीनें माडीवरून, खिडकी उघडी ठेवून, टेहळणी करावी. डुकरें बहुधा ठरलेल्या वाटेनेंच येतात. गडग्याच्या कोणत्या भगदाडांतून तीं शिरतात तें एकदां कळलें, म्हणजे तें भगदाड दिवसाउजेडीं चिरे रचून बुजवावें. त्या कामास काकांचीही ना असणार नाहीं.