सरक, मामा करतो!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर चार वर्षांचा भाचा अंगणात किल्ला करत बसलेला. किल्ला कसला, मातीचा ढीग आणि वर विटांचे तुकडे! बुरूज तीनदा ढासळला. माझ्यातला सिव्हिलवाला जागा झाला. "सरक, मामा करतो," म्हणत पोतं, दगड, माती घेऊन तासाभरात झकास किल्ला उभा केला. शेजारीपाजारी खूश! भाचा मात्र केव्हाच उठून नळाखालच्या चिखलात खेळायला गेला होता. रात्री त्याने विचारलं, "मामा, तुझा किल्ला कधी मोडायचा?"

'तुझा' हा शब्द लागला.

मित्रांनो, जीटी मारलेल्या शीटवर नाव आपलं असतं, पण ड्रॉइंग येत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मी त्याच्यासाठी तेच केलं होतं. तिसऱ्यांदा बुरूज पडल्यावर त्याने मोठी वीट तळाशी सरकवली होती. कुणीही न शिकवता! पडलं, का पडलं, आता वेगळं करून बघू... हाच तर प्रयोग. तो मी बंद पाडला.

रचण्याच्या खेळात लहान-मोठं, वर-खाली, दोन अर्धे मिळून एक, हे हाताला कळतं. पेन्सिल धरायच्या आधी बोटं तयार होतात. दोघं खेळत असतील तर "इथे दार ठेवू" म्हणत बोलणं आणि भांडण मिटवणंही आलंच.

जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली बालशिक्षणाची संस्था काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन नाव मिळालं. आठ छोट्या घनांचा मिळून एक लाकडी घन, हे त्याचं एक साहित्य. असे ठोकळे खेळून वाढलेल्या फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने त्यांचं ऋण आत्मचरित्रात मानलंय. महागडा सेटच हवा असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम केलं, ते शिंपले, खडे, बिया अशा आसपासच्या वस्तू घेऊनच.

कुणी म्हणेल, मग मदत करायचीच नाही का? करा की! माती भिजवून द्या, जड दगड उचलून द्या. पण तो कुठे ठेवायचा, हे पोराला ठरवू द्या. बुरूज पडला तर पडू द्या.

पुढच्या दिवाळीत मी फक्त पाणी आणून देणार आहे.