कंपनी मर्यादित, भाषा का असावी?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेला मराठी माणूस यंत्रमागावर राबला. आता त्याची मुले स्वतःच्या कंपन्या काढू लागली आहेत. मात्र नावाचा विषय निघाला की आमच्यापुढे येणाऱ्या यादीत सारी इंग्रजी नावे असतात. ‘मराठी नाव कायद्यात बसेल का?’ असे आम्हांस वारंवार विचारले जाते.

बसते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ नुसार नाव दुसऱ्या कंपनीच्या नावाशी तंतोतंत वा फार मिळतेजुळते नसावे आणि शेवटी ‘लिमिटेड’ वा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असावे. मराठीला मनाई कोठेही नाही. उलट कलम १२ सांगते की, कार्यालयाबाहेरील फलकाची अक्षरे त्या परिसरातील प्रचलित भाषांपैकी एकीचीही नसतील, तर तेथील भाषेच्या लिपीतही नाव लिहिलेच पाहिजे. चुकल्यास दिवसाला हजार रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड आहे.

गुजराती फलकानेही हे कलम पाळले जाते, हे खरे. गुजरातीशी आमचे भांडणही नाही. पण जेथे महापालिकेच्या मराठी शाळा भरतात, तेथे मराठी प्रचलित नाही असे कोण म्हणेल?

१८८८ साली बेळगावात उद्योग मांडणाऱ्या किर्लोस्करांना आपले आडनाव कधी आड आले नाही. सीमेपलीकडील बांधवांनो, सरकार आपली पाटी पुसते तेव्हा आपण लढतो. आपणच कोरी ठेवलेल्या पाटीसाठी कोणाशी लढणार?